भाड्याच्या घरात राहून म्हाडाचा अर्ज: कागद आधी, जाहिरात नंतर

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक निळी प्लास्टिकची फाईल असते. अकरा वर्षांत आम्ही नाशिकमध्ये चार घरं बदलली. आधी जेल रोड, मग इंदिरानगर, मग सिडकोतलं चौथ्या योजनेजवळचं घर आणि आता पाथर्डी फाटा. टेम्पोत सामान भरताना गॅसच्या शेगडीआधी ती फाईल माझ्या पिशवीत जाते. तिच्यात चारही घरांचे भाडेकरार, लाइट बिलं, शाळेचे दाखले आणि उत्पन्नाचे दाखले आहेत. ही सवय मला फार उशिरा लागली. त्याआधी आमच्या हातून म्हाडाच्या घराचा एक अर्ज गेला, आणि तो का गेला हे सांगताना बाकीचं सगळं आपोआप सांगून होईल.

भाड्याने राहणाऱ्या ओळखीच्या लोकांना विचारलं, 'म्हाडाचा अर्ज केलात का?' तर तीन उत्तरं ठरलेली असतात. 'आपण भाडेकरू, आपल्याला कुठे मिळतंय', 'गावाकडं घर आहे ना, मग बसत नाही', आणि 'नाशिकमध्ये पंधरा वर्षं व्हायला हवीत'. तिन्ही चूक आहेत. घर न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा याहून साधं असतं. सतत घरं बदलल्यामुळे भाडेकरूचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत. जाहिरात आल्यावर मिळणाऱ्या महिनाभरात ते जुळवता येत नाहीत. आधी जुळवून ठेवले तर येतात.

म्हाडा कुठे बसते, कोणती घरं देते

म्हाडा म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण. १९७६ च्या कायद्याने ते उभं राहिलं. त्याची विभागवार मंडळं आहेत. नाशिक मंडळाकडे नाशिकसोबत धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात. म्हणजे जळगावातलं घर असलं तरी त्याची सोडत (लॉटरी) नाशिक मंडळच काढतं.

नाशिक शहरात आज सोडतीत येणारी बरीचशी घरं म्हाडाने स्वतः बांधलेली नसतात, ती बिल्डरच्या प्रकल्पातली असतात. नियम असा, की दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर (म्हणजे जवळपास एक एकर) निवासी प्रकल्प करायचा असेल, तर त्यातली २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. २०१३ पासून हा नियम आहे आणि २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही तो कायम राहिला. सोडत म्हाडा काढते, घर बिल्डर बांधतो. म्हणून लोक त्याला सरळ 'वीस टक्क्यांतलं घर' म्हणतात. नाशिकमध्ये अशी किती घरं बिल्डरांनी द्यायला हवी होती आणि किती दिली, यावरून २०२२ मध्ये विधान परिषदेत मोठा गदारोळ झाला होता. त्यानंतर सोडतींना जरा गती आली, असं माझं निरीक्षण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंडळाने या योजनेतल्या ४७८ सदनिकांची जाहिरात काढली. म्हसरूळ शिवारात १९६, आगर टाकळीत १३२, पाथर्डीत ६४, गंगापूरला ५०, देवळालीत २२ आणि नाशिक शिवारात १४. ही नावं मी मुद्दाम लिहिते आहे. 'म्हाडाची घरं कुठेतरी लांब माळावर असतात' असं अजून अनेकांना वाटतं, आणि इथे तर आपण रोज ज्या रस्त्याने कामाला जातो तिथलेच शिवार आहेत.

महापालिकेची घरकुलं, उदाहरणार्थ चुंचाळ्याची, ही वेगळी गोष्ट आहे. ती झोपडपट्टीतल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी होती. खासगी फ्लॅट भाड्याने घेऊन राहणाऱ्याने तिकडे चकरा मारून चपला झिजवू नयेत.

भाडेकरू असणं: अडचणही नाही, सवलतही नाही

म्हाडाच्या सोडतीत आरक्षण आहे. अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के, भटक्या आणि विमुक्त जमातींना प्रत्येकी दीड टक्का. शिवाय माजी सैनिक, दिव्यांग, पत्रकार, कलाकार, शासकीय कर्मचारी असे गट आहेत. यात 'भाडेकरू' असा गट नाही. वीस वर्षं भाडं भरलेल्याला दोन वर्षं भाडं भरलेल्यापेक्षा एक गुणही जास्त मिळत नाही. मला ही गोष्ट मनापासून अन्यायाची वाटते. पण नियम आज असा आहे, आणि त्याप्रमाणे तयारी करायला हवी.

पात्रतेची मुख्य अट घर नसण्याची आहे. अर्जदाराच्या, त्याच्या पती किंवा पत्नीच्या आणि अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांच्या नावावर, ज्या महापालिका हद्दीत घर मागताय त्या हद्दीत, राहतं घर किंवा निवासी भूखंड नसावा. हे वाक्य हळू वाचा, कारण त्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे.

'त्या हद्दीत' म्हटलंय. निफाडला तुमच्या नावावर दोन खोल्या असतील, सिन्नरच्या गावठाणात वाटणीतलं घर असेल, तरी नाशिक महापालिका हद्दीतल्या म्हाडाच्या घरासाठी अर्ज करता येतो. 'अर्जदार, पती-पत्नी, अज्ञान मुलं' म्हटलंय. आईवडिलांचं नाव त्यात नाही. वडिलांचा पंचवटीत वाडा आहे, तिथे दोन भाऊ राहतात, जागा पुरत नाही म्हणून तुम्ही मेरी भागात भाड्याने राहता, तर वडिलांच्या नावावरचं ते घर तुमच्या आड येत नाही. मात्र वडील गेले आणि वारस म्हणून मालमत्ता पत्रकावर तुमचं नाव लागलं असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. तो लपवायचा नाही. अर्ज भरण्याआधी मंडळात जाऊन लेखी विचारायचा.

या अटीतच एक शब्द येतो, 'भाडे-खरेदी'. शेजारच्या ताईंनी तो वाचला आणि अर्जच सोडून दिला. म्हणाल्या, 'भाड्याने राहणाऱ्याला चालत नाही असं लिहिलंय.' भाडे-खरेदीचा आपल्या भाड्याशी काही संबंध नाही. हप्त्याहप्त्याने पैसे भरून शेवटी घर आपल्या नावावर होतं, त्या जुन्या पद्धतीला भाडे-खरेदी म्हणतात. पूर्वी मंडळांनी बरीच घरं तशी दिली. साधा अकरा महिन्यांचा करार करून राहणाऱ्याचा त्यात समावेश होत नाही. एका शब्दामुळे एका कुटुंबाची संधी गेली. सरकारी मराठी जरा सोपी असती तर गेली नसती.

आता पंधरा वर्षांची गोष्ट. अर्जदार महाराष्ट्राचा अधिवासी हवा, आणि अधिवास म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य. नाशिकमध्ये नव्हे, महाराष्ट्रात. चाळीसगावात बारावीपर्यंत शिकलात, धुळ्यात डिप्लोमा केलात, मग नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत लागलात, तर ती सगळी वर्षं धरली जातात. फक्त त्यांचा पुरावा हवा, आणि तिथेच भाडेकरू अडकतो.

उत्पन्नाचा गट: इथे सगळ्यात जास्त अर्ज चुकतात

दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रात वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प गट, ९ ते १२ लाख मध्यम गट आणि त्यावर उच्च गट. लहान शहरांत आणि उर्वरित भागात अत्यल्पची मर्यादा साडेचार लाख आणि अल्पची साडेसात लाख आहे. तुम्ही निवडताय ती योजना कोणत्या हद्दीत आहे, त्यावर हे ठरतं, आणि जाहिरातीत त्या योजनेसमोर ते छापलेलं असतं.

उत्पन्न कुणाचं धरायचं? नवरा आणि बायको या दोघांचं मिळून. सासऱ्यांचं पेन्शन नाही, धाकट्या दिराचा पगार नाही, कमावत्या मुलाचाही नाही. आणि हातात पडणारा पगार नव्हे, वर्षाचं एकूण उत्पन्न. नवऱ्याला कंपनीत महिना ३२,००० मिळतात, म्हणजे वर्षाचे ३ लाख ८४ हजार. बायको एका खासगी दवाखान्यात २०,००० वर आहे, म्हणजे २ लाख ४० हजार. बेरीज ६ लाख २४ हजार. हे कुटुंब अल्प गटात गेलं. पण नवऱ्याने एकट्याचा आकडा टाकून अत्यल्प गटात अर्ज केला, तर पडताळणीत तो बाद होणार. दिवाळीचा बोनस आणि ओव्हरटाइम धरायला विसरणं हेही असंच घातक आहे. मर्यादेला टेकलेलं उत्पन्न असेल तर वर्षभराच्या पगाराच्या पावत्या घेऊन बसा आणि पुन्हा बेरीज करा.

खालच्या गटातल्याला वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करता येतो, वरच्याला खालच्यात येता येत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा वरचा गट सुरक्षित. अर्थात वरच्या गटाचं घर मोठं आणि महाग असतं, हे धरून चालायचं. अत्यल्प गटाचं घर ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास असतं. अल्प गटाचं ६० चौरस मीटरपर्यंत.

पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो. कोणत्या आर्थिक वर्षाचा, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. भलत्या वर्षाचा दाखला जोडला तर तो नसल्यासारखाच. जूनमध्ये जुन्या वर्षाचा दाखला काढून ठेवला आणि सप्टेंबरच्या जाहिरातीत पुढचं वर्ष मागितलं, असं अगदी सहज होतं.

कागदांची साखळी

२०२३ पासून म्हाडाची पद्धत बदलली. पूर्वी सोडत आधी आणि कागदांची तपासणी नंतर, तीही वर्षानुवर्षं चाले. आता तपासणी आधी होते. संगणकावर एकदा नोंदणी करायची, कागद चढवायचे, ते पात्र ठरले तरच सोडतीत नाव जातं. एकवीस कागदांवरून गोष्ट सात कागदांवर आली. हा बदल मला फार चांगला वाटतो, पण त्याची दुसरी बाजू भाडेकरूने ओळखायला हवी. पूर्वी नंबर लागल्यावर धावाधाव करून कागद जमवता यायचे, आता नंबर लागण्याआधीच सगळं जुळलेलं हवं.

आमचा अर्ज गेला तो इथे. सेतू केंद्रावर मी अधिवासाच्या दाखल्यासाठी उभी होते. काउंटरवरच्या मुलीने माझं आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवलं, पेनाच्या टोकाने आधी एकावर टेकवलं, मग दुसऱ्यावर. 'ताई, इथे सासरचं आडनाव आहे आणि इथे माहेरचं. पत्ता तर तिसराच आहे.' आधारवर जेल रोडचा पत्ता होता, तिथून आम्ही सहा वर्षांपूर्वी निघालो होतो. लाइट बिल घरमालकाच्या नावाचं. भाडेकरार होता, पण शंभरच्या मुद्रांकावर नोटरी केलेला, नोंदणी न केलेला. म्हाडाच्या अर्जाची शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. मी ते सगळे कागद परत फाईलमध्ये घातले आणि घरी आले. त्या वर्षीची सोडत मी फोनवर नुसती पाहिली.

म्हणून सुरुवात करायची ती भाडेकरारापासून. बाकीचे कागद त्याच्यावर उभे राहतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालेली हवी. करार अकरा महिन्यांचा असला तरी. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की तेच खरं वाटू लागतं. ते खरं नाही. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. शिवाय वाद झालाच तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

आमचे एक घरमालक नोंदणीला तयारच नव्हते. 'कशाला उगाच खर्च, विश्वास नाही का?' असं म्हणत. कायद्याचं कलम दाखवून त्यांच्याशी भांडले असते तर बरोबर ठरले असते, आणि पुढच्या महिन्यात घर शोधत फिरले असते. पुढच्या मालकांशी मी वेगळं बोलले. 'काका, नोंदणी केली की अकरा महिन्यांनी आम्ही जागा सोडली नाही तर तुमची बाजू भक्कम राहते. आणि खर्च आम्ही देतो.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करायची तरतूद त्याच कायद्यात मालकाच्या बाजूने आहे. खर्चाचा हिशेब मी कागदावर करून दाखवला होता. भाडं महिना ९,०००, अनामत ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं ९९,००० आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरायचं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. ते अडीचशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीची हाताळणी धरून सरकारी खर्च साधारण दीड हजारात बसतो. अंगठा आणि फोटो घ्यायला माणूस घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. काका तयार झाले.

करारात नवरा-बायको दोघांचीही नावं घाला. नोंदणी झालेला करार दाखवून आधारवरचा पत्ता बदलता येतो. करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आधारमध्ये आहे, ती बायकोला वापरता येते. आधार बदललं की पॅनवरचं नाव त्याच्याशी जुळवायचं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी हे पहिलं काम समजावं. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का तेही बघा. जुना नंबर रिचार्ज न करता सोडून दिलेला असेल तर ओटीपी येणार नाही आणि नोंदणी तिथेच थांबेल.

मग अधिवासाचा दाखला. बारकोड असलेला, अलीकडचा काढलेला हवा. आजोबांच्या काळातला शिक्क्याचा दाखला पोर्टल घेत नाही. पंधरा वर्षांचा पुरावा द्यायला भाडेकरूकडे सातबारा किंवा घरपट्टी नसते. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जुन्या रेशन कार्डावरचं नाव, मतदार यादीतली नोंद, असे वेगवेगळ्या वर्षांचे कागद एकापुढे एक लावून मधली वर्षं भरून काढावी लागतात. म्हणून घर सोडताना तिथला एकही कागद टाकायचा नाही. जुने भाडेकरारसुद्धा नाहीत.

गावाकडचं घर आणि पंतप्रधान आवास योजना

वर म्हटलं की निफाडचं घर म्हाडाला चालतं. पंतप्रधान आवास योजनेला ते चालत नाही, आणि लोकांचा सगळा घोळ याच ठिकाणी होतो. तिथली अट अशी, की कुटुंबाच्या नावे भारतात कुठेही पक्कं घर नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. शिवाय गेल्या वीस वर्षांत कोणत्याही सरकारी घरयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. म्हाडाच्या जाहिरातीतल्या काही योजना आवास योजनेखालच्या असतात, त्यांना ही कडक अट लागते. योजनेच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघूनच निवड करा.

योजनेचा दुसरा टप्पा, शहरी २.०, १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. भाडेकरूने त्यातला व्याज अनुदानाचा भाग नीट समजून घ्यावा, कारण त्याला सोडत लागत नाही. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. यात बसत असाल तर कर्जातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के दराने व्याजाचं अनुदान मिळतं. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि तेही एकरकमी नाही. वर्षाला ३६,००० असं पाच वर्षं कर्ज खात्यात जमा होतं. म्हाडाची सोडत दोनदा लागली नाही आणि आडगावकडे किंवा मखमलाबादला एखादा वन बीएचके आवाक्यात दिसतोय, तर बँकेत हा प्रश्न विचारल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका. स्वतःचा प्लॉट असेल तर बांधकामाला मदत देणारा भागही योजनेत आहे. आणि परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही एक भाग आहे, तो औद्योगिक कामगार, नोकरी करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी. सातपूर-अंबडमध्ये एका खोलीत सहा-सहा मुलं राहतात. त्यांच्यासाठी असं काही उभं राहायला हवं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

नंबर लागला, मग?

अर्ज भरताना अर्जाचं शुल्क जातं, ते परत मिळत नाही. अनामत रक्कम मात्र नंबर न लागल्यास तुमच्याच बँक खात्यात परत येते. म्हाडाने कुणालाही दलाल नेमलेलं नाही. 'साहेबांशी ओळख आहे, दोन लाखांत काम होईल' असं सांगणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. सोडत संगणकावर सगळ्यांसमोर होते.

नंबर लागला की स्वीकृती कळवायची, मग देकार पत्र (घर देऊ केल्याचं पत्र) येतं आणि त्यात पैसे भरायच्या तारखा येतात. वीस टक्क्यांतल्या घराचा करार बिल्डरशी होतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात. इथे भाडेकरूची खरी ओढाताण सुरू होते, आणि तिच्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. घर तयार नसेल तर ताबा मिळेपर्यंत भाडंही चालू आणि बँकेचं व्याजही चालू. १२ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,४०० येतो. वर ९,००० भाडं. अंबडच्या कंपनीत ३२,००० मिळवणाऱ्या घरात हे दोन्ही एकत्र वर्षभर चालवणं म्हणजे मुलांच्या क्लासवर, दवाखान्यावर कात्री. म्हणून अर्ज करतानाच त्या प्रकल्पाचा महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण) क्रमांक घ्या, महारेराच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख बघा, आणि जमलं तर एखाद्या रविवारी दोघं जण प्रत्यक्ष जागेवर जाऊन या. किती मजले उठलेत ते डोळ्यांनी दिसतं. आम्ही म्हसरूळला असेच गेलो होतो. चौथा स्लॅब पडला होता, खाली वॉचमनची बायको चुलीवर भाकरी करत होती. तिने सांगितलं, चार महिने झाले काम बंद आहे. जाहिरातीत ते कुठेच नव्हतं. आम्ही दुसरी योजना निवडली.

पहिल्या फेरीत न गेलेली घरं मंडळ कधी कधी 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या पद्धतीनेही देतं. त्यात सोडतीची वाट बघावी लागत नाही, पण कागद मात्र तेच लागतात. आणि मिळालेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. भाड्याने द्यायचं असेल तर मंडळाची परवानगी लागते.

आता ताब्याचं पत्र आलं, सगळे पेढे मागायला लागले, की घाईत एक चूक होते. आत्ताच्या घरमालकाला लगेच एक महिन्याची नोटीस दिली जाते, आणि मग तिकडे पाण्याचं कनेक्शन किंवा मीटर अडकतं. चावी हातात येऊन नळाला पाणी आलेलं बघितल्यावरच नोटीस द्या, आणि ती व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी द्या. अनामत परत घ्यायच्या दिवशी शेवटचं लाइट बिल भरल्याची पावती आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो जवळ ठेवा. काकांनी आमच्या अनामतीतून रंगाचे तीन हजार कापायचं म्हटलं होतं. भिंतीचे फोटो दाखवल्यावर पूर्ण तीस हजार परत दिले, आणि निघताना त्यांच्या दारातलं तुळशीचं रोपही दिलं.